मेंदूला चुंबक लावला तर संयम वाढेल का?

एका वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

"माझे वय एकोणचाळीस. एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतो. सतरा वर्षांपासून सिगारेट ओढतो, सध्या दिवसाला बारा-तेरा होतात. तीन वेळा सोडली. सर्वांत जास्त टिकलो ते एक्केचाळीस दिवस. गेल्या गणपतीत सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती विसर्जनाच्या आधीच मोडली. तेव्हापासून तिच्या डोक्यावरून हात फिरवायलाही मन धजत नाही. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल सुटत नाही, गोडावरही ताबा नाही. माझ्या मेंदूतला ब्रेकच निकामी आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. शहरातल्या एका क्लिनिकने मेंदूला चुंबकीय लहरी देऊन इच्छाशक्ती वाढवण्याचे वीस बैठकांचे पॅकेज सुचवले आहे. खर्च ऐंशी हजार. मुदत ठेव मोडून, बायकोला न सांगता पैसे भरावेत आणि पूर्ण सुधारल्यावरच तिला सांगावे, असा विचार आहे. हे योग्य होईल का?"

नमस्कार.

तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून उत्तरही आधीच देते. ठेव मोडू नका आणि हे पॅकेज घेऊ नका. मात्र चुंबकीय उपचार म्हणजे निव्वळ थोतांड, असे सांगून मी मोकळी होणार नाही, कारण ते खरे नाही, आणि पुढेमागे तुम्हाला किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तो उपचार खरोखर उपयोगी पडू शकतो. तुम्हाला जे हवे आहे ते, त्या यंत्राने जे होते ते, आणि त्या क्लिनिकने जे विकायला काढले आहे ते, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकत्र झाल्या आहेत, तेव्हा त्या वेगळ्या करण्यापासूनच सुरुवात करू.

या उपचाराला ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, म्हणतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज वाहू लागते, हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्येच दाखवले होते. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कवटी न उघडता माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवले. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, प्रवाहाचा एक जोरदार झोत सोडला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकणारे, पण एमआरआय यंत्राच्या तोडीचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. आणि त्याच्या आवाक्यातल्या चेतापेशी उद्दीपित होतात. कापाकापी नाही, भूल नाही, रुग्णालयात राहणेही नाही.

पहिल्या बैठकीत काय होते, ते मुद्दाम सांगते. तुम्हाला खुर्चीत बसवतात आणि कानांत बोळे घालायला देतात, कारण प्रत्येक ठोक्याचा आवाज चांगलाच मोठा असतो. मग कॉइल डोक्यावर थोडी थोडी सरकवत एकेक ठोका देतात. टक्. काही होत नाही. बोटभर पुढे, पुन्हा टक्. असे करता करता एका जागी तुमचा मांडीवर निवांत ठेवलेला अंगठा आपोआप उडतो. तुम्ही तो हलवलेला नसतो. अंगठा जेमतेम हलण्यासाठी किती जोर लागला, त्या मोजमापाला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि उपचाराची मात्रा त्यावरून ठरते. अंगठा उडाला की खुर्चीतल्या माणसाचा चेहरा बदलतो, हे मी पाहिले आहे. न सांगता अंगठा हलवता येतो, तर मनही हलवता येईल, असे त्याला त्या क्षणी वाटून जाते.

ही उडी फार मोठी आहे. अंगठा उडणे वेगळे आणि त्याच अंगठ्याने पेन धरून ताळेबंदावर सही करणे वेगळे. सही करताना डोळे, आठवण, जबाबदारीची जाणीव, समोरच्या आकड्यांवरचा विश्वास, असे सगळे त्या हातात उतरलेले असते. संयम हा सहीसारखा आहे. मेंदूतल्या एका जागेवर ठोका देऊन तो उमटत नाही.

मग या यंत्राने होते तरी काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टीएमएसला औदासीन्यासाठी, म्हणजे डिप्रेशनसाठी, २००८ मध्ये मान्यता दिली. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, २०१८ मध्ये दिली आणि धूम्रपान सोडण्यास मदत म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये. ही शेवटची मान्यता तुमच्या कामाची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. 'इच्छाशक्ती वाढवणे' किंवा 'आत्मसंयम बळकट करणे' यासाठी अशी मान्यता कधीही दिली गेलेली नाही. क्लिनिकने पॅकेजला जे नाव दिले आहे, त्या नावाचा आजारही नाही आणि त्या नावाचा उपचारही नाही.

धूम्रपानासाठीच्या मान्यतेमागची एक हकिकत मला फार बोलकी वाटते. मेंदूत बाजूच्या घडीआड, खोलवर, इन्सुला नावाचा भाग असतो. शरीराच्या आतून येणाऱ्या भूक, मळमळ, धडधड अशा संवेदनांची दखल तिथे घेतली जाते. २००७ मध्ये काही संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या इन्सुलाला इजा झाली होती, त्यांच्यापैकी अनेकांची सिगारेट अगदी सहज, मागे तलफ न ठेवता सुटून गेली होती. एका रुग्णाने तर, माझे शरीर सिगारेट ओढायची इच्छाच विसरले, असे सांगितले. मेंदूला इजा होणे ही काही हेवा करण्याजोगी गोष्ट नव्हे. पण त्या माणसाचे नेमके काय बदलले, ते पाहा. त्याचा निग्रह वाढला नाही. ज्याच्याशी झगडायचे, ती तलफच उरली नाही.

तुमच्या पत्रातल्या गृहीतकाला पहिला धक्का इथेच बसतो. तुम्ही ब्रेक दुरुस्त करायला निघाला आहात. हा उपचार, जेव्हा लागू पडतो तेव्हा, मुख्यतः उतार कमी करतो.

आता त्या मान्यतेमागच्या चाचणीचे आकडे. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, ते तुम्हाला नीट वाचता येतील. १४ केंद्रांवर २६२ जणांवर ही चाचणी झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे अनेक वर्षांचे धूम्रपान करणारे होते आणि पूर्वी सोडण्याचा प्रयत्न फसलेले होते, म्हणजे तुमच्याच जातकुळीचे. तीन आठवडे दररोज, आठवड्याचे पाच दिवस, आणि पुढचे तीन आठवडे आठवड्यातून एकदा, अशा अठरा बैठका झाल्या. निम्म्यांना खरे उद्दीपन दिले. बाकीच्यांना तसाच आवाज करणारे, पण मेंदूपर्यंत काही न पोहोचवणारे लटके उद्दीपन दिले. अठरा आठवड्यांच्या काळात सलग चार आठवडे सिगारेट न ओढणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या गटात १९.४ टक्के होते आणि लटक्या गटात ८.७ टक्के. नुसत्या शब्दावर विसंबून न राहता लघवी तपासून खात्री करून घेतली होती. फरक खरा आहे, दुपटीहून जास्त आहे, आणि अनेकदा हरलेल्या माणसांसाठी तो लहान नाही. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला तर, खरा उपचार घेऊनही शंभरातल्या ऐंशी जणांना तेवढा काळ सिगारेट बाजूला ठेवता आली नाही. ऐंशी हजार रुपये मोजून तुम्ही त्या ऐंशींत निघालात, तर स्वतःला काय म्हणाल, याची मला अधिक काळजी वाटते. 'यंत्रानेही मी सुधारलो नाही' हे वाक्य तुम्ही आजच मनात जुळवून ठेवले आहे, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटते.

त्या चाचणीतली आणखी एक बाब जाहिरातीत येत नाही. प्रत्येक बैठकीच्या आधी त्या माणसांची तलफ मुद्दाम जागवली जात होती. सिगारेट आणि लायटर हातात घ्यायला सांगत, ओढण्याची चित्रे दाखवत, कधी ओढावीशी वाटते ते डोळ्यांसमोर आणायला लावत. मग उद्दीपन होई. सोडण्याची तारीख ठरवायची होती आणि थोडक्यात समजुतीचे, उभारी देणारे बोलणेही होते. म्हणजे तिथेही चुंबक एकटा नव्हता. एका विशिष्ट तलफेवर, ती जागी असताना आणि माणूस सोडायला तयार असताना, तो वापरला गेला. रात्रीचा मोबाइल, गुलाबजाम आणि सिगारेट या तिन्हींवर एकच कॉइल फिरवून 'ताबा' आणण्याची ती चाचणी नव्हती.

प्रयोगशाळांत संयमावर काम झालेलेच नाही, असे मात्र नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कपाळामागच्या डाव्या भागाचे काम चुंबकीय ठोक्यांनी काही मिनिटांपुरते मंद केले, तेव्हा लोक 'आज थोडे' आणि 'नंतर जास्त' यांतून 'आज थोडे' अधिक वेळा निवडू लागले. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच वस्तू किती हव्याहव्याशा वाटतात, असे विचारल्यावर त्यांची उत्तरे बदलली नव्हती. कळत होते, वळत नव्हते. तुम्ही ज्याला निकामी ब्रेक म्हणता, तो अनुभव धडधाकट मेंदूच्या माणसांत काही वेळापुरता असा निर्माण करता येतो. पण या प्रयोगाने दाखवले ते काम बिघडवणे, आणि बिघडवणे हे सुधारण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. घड्याळात वाळूचा कण टाकून ते बंद पाडता येते. म्हणून वाळूच्या दुसऱ्या कणाने ते अधिक अचूक चालू लागत नाही. खुर्चीत बसून पैशांच्या पर्यायांवर दिलेली उत्तरे आणि दुपारी चार वाजता टपरीवरून येणारा वास, यांतले अंतरही विसरू नये.

आता तुमच्या ब्रेकच्या उपमेकडे येते, कारण मला वाटते की खरे दुखणे तिथे आहे. संयम म्हणजे एक साठा, तो कुणाजवळ जास्त, कुणाजवळ कमी, आणि तो वापरला की संपतो, अशी समजूत मानसशास्त्रातही पुष्कळ वर्षे रुजलेली होती. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक माणसांवर, ती पुन्हा तपासली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, जर्मनीतल्या एका अभ्यासात २०५ प्रौढांना दिवसभर अधूनमधून विचारले गेले होते की आत्ता कसली इच्छा होते आहे आणि ती तुम्ही आवरता आहात का. ज्यांचा संयम मोठा मानला जातो, ती माणसे मोहाशी जास्त झुंजताना दिसली नाहीत. उलट त्यांच्यावर झुंजण्याची वेळच कमी येत होती. आपल्याकडे ज्या माणसाला आपण 'मनाचा पक्का' म्हणतो, त्याचा दिवस जवळून पाहा. त्याच्या घरात ती वस्तू नसते, त्याच्या वाटेवर ते दुकान नसते, त्याच्या सोबत्यांत ती सवय नसते. आपण त्याच्या स्वभावाचे कौतुक करतो आणि त्याच्या मांडणीकडे आपले लक्षच जात नाही.

म्हणून तुम्ही एकाच पोत्यात भरलेल्या तीन गोष्टी बाहेर काढू या. सिगारेट हे निकोटीनचे अवलंबित्व आहे. त्याला औषध आहे. मोबाइलमुळे झोप जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी सिगारेटही जास्त लागते आणि गोडही. म्हणजे तीन दोषांपैकी एक दोष बाकीच्या दोघांना खायला घालतो आहे. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला मन न धजणे, स्वतःविषयीची ही कठोर खात्री, रात्रीचे जागरण, यांत मला आणखी एक शक्यता दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटत नसेल, आपण कुचकामी आहोत असे सारखे वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटा. तो डिप्रेशनचा त्रास असेल, तर त्याचा इलाज केल्याशिवाय सिगारेट सोडणे विनाकारण अवघड होते. टीएमएसचा सर्वांत भक्कम पुरावा डिप्रेशनसाठीच आहे, विशेषतः औषधांनी पुरेसा उतार न पडलेल्यांसाठी. तेव्हा डॉक्टरांनी तपासून ते सुचवले, तर ते क्लिनिकच्या पॅकेजपेक्षा पूर्णपणे वेगळे प्रकरण असेल.

आता एक हिशेब. एक्केचाळीस दिवस, दिवसाला बारा धरल्या तरी, ४९२ सिगारेटी तुम्ही ओढल्या नाहीत. पत्रात तुम्ही हा आकडा खर्चाच्या बाजूला लिहिला आहे. तो जमेचा आहे. निकोटीन बंद केल्यावरचा शारीरिक त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारणपणे तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे तो सगळा डोंगर तुम्ही, कुठल्याही औषधाविना, ओलांडला होता. निकामी ब्रेकच्या माणसाला हे जमत नाही. मला तुम्हाला विचारायचे आहे की बेचाळिसाव्या दिवशी काय झाले? कोण भेटले, किती वाजले होते, हातात चहा होता का, कुणाशी वाद झाला होता का? ते पान तुम्ही कधी उघडून पाहिलेलेच नाही, असा माझा अंदाज आहे. तिन्ही वेळच्या घसरणीचे वेळ, जागा आणि सोबत हे तीन रकाने भरा. बहुधा तीनपैकी दोन ओळी सारख्या निघतील.

उपचाराचा क्रम मी असा ठेवीन. जवळच्या शासकीय रुग्णालयातले तंबाखूमुक्ती केंद्र, किंवा धूम्रपान सोडवण्याचा अनुभव असलेले डॉक्टर, यांच्याकडे जा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि समुपदेशक तारीख ठरवण्यापासून सोबत करतात. व्हॅरेनिक्लीनसारखी गोळी किंवा निकोटीनची पट्टी व च्युइंगगम यांनी, समुपदेशनाच्या जोडीने, यशाची शक्यता बरीच वाढते. गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा, कारण मात्रा त्यावरून ठरते. तुम्ही यांपैकी काहीही वापरल्याचा उल्लेख पत्रात नाही. तीनही वेळा तुम्ही नुसत्या शपथेवर उतरला होता. हातात काही न घेता विहीर खणायला जावे आणि पाणी लागले नाही म्हणून आपल्या मनगटाला दोष द्यावा, असे हे झाले.

च्युइंगगमबद्दल एक बारीक गोष्ट, कारण 'गम घेऊन पाहिला, काही होत नाही' अशी तक्रार मी वारंवार ऐकते. तो साध्या च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नसतो. चार-सहा वेळा सावकाश चावायचा, जिभेला झणझणीत लागला की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा थोडा चावायचा. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. भराभर चावून लाळेबरोबर गिळले तर नुसती उचकी आणि जळजळ. कॉफी आणि शीतपेयांमुळे तोंडातला आम्लपणा वाढून शोषण कमी होते, म्हणून आधी पंधरा मिनिटे काही पिऊ नये. कॉफीचा घोट घेत घेत गम चघळणाऱ्याला तो लागू पडत नाही, यात त्याच्या इच्छाशक्तीचा काहीही दोष नसतो.

मांडणीचे म्हणाल तर, तारीख मार्चअखेरच्या गडबडीत धरू नका, सणातही नको. साधा, कंटाळवाणा आठवडा निवडा. दुपारच्या चहासाठी महिनाभर टपरीवर न जाता जागेवरच चहा मागवा, आणि तुमच्याबरोबर उठणाऱ्या त्या एका सहकाऱ्याला कारण सांगून ठेवा. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते करायचे काम आधीच ठरलेले असावे. मोबाइलचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर हलवा आणि स्वस्तातल्या का होईना, पण वेगळ्या गजराच्या घड्याळाची सोय करा, म्हणजे 'गजरासाठी लागतो' ही सबब उरणार नाही. गोडाचे सध्या सोडून द्या. सिगारेट सोडताना तोंडाला काहीतरी लागते आणि त्या महिन्यात एखादा लाडू जास्त गेला तर जाऊ द्या. तिन्ही आघाड्या एकदम उघडू नका.

हे सगळे मनापासून, औषधांसह, एक-दोनदा करूनही जमले नाही, तर टीएमएसचा विचार जरूर करा. मग मात्र तो धूम्रपानाचा उपचार म्हणून, मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली असावा. क्लिनिकला आधी हे विचारा: मला तपासून निदान कोणी केले? बैठकीच्या वेळी डॉक्टर हजर असतात का? मोटर थ्रेशोल्ड मोजतात का? कॉइल कोणती? हा प्रश्न ऐकून तुमच्याकडे कुणी चमकून पाहील, पण तो विचाराच. धूम्रपानासाठीची मान्यता खोलवर पोहोचणाऱ्या, शिरस्त्राणासारख्या विशिष्ट कॉइलला आहे. इंग्रजी आठच्या आकाराची नेहमीची कॉइल दोन-तीन सेंटिमीटरच्या फार पुढे जात नाही, आणि इन्सुला त्याहून खोल आहे. सोबत समुपदेशन आहे का, आणि मध्येच थांबलो तर पैसे परत मिळतात का, हेही लेखी घ्या. 'मेंदूचा ब्रेक दुरुस्त करतो' असे जो म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

सुरक्षिततेच्या बाबतीत हा उपचार एकंदरीत सौम्य आहे. डोकेदुखी आणि कॉइलखालची त्वचा दुखणे हे नेहमीचे त्रास, आणि ते बहुधा आठवड्याभरात कमी होतात. फिट येण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आहे, पण ती शून्य नाही. अपस्माराचा पूर्वेतिहास असेल, डोक्यात धातूची क्लिप वा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. अपुरी झोप आणि दारू यांनीही फिटचा धोका वाढतो. धूम्रपान सोडण्यासाठी दिली जाणारी ब्युप्रोपिऑन ही गोळीही त्यात भर घालू शकते. रात्री दीडला झोपून सकाळी त्या खुर्चीत बसणे म्हणूनही योग्य नव्हे.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन शब्द इथेच जोडते. आपल्या राज्यात सिगारेट-विडीपेक्षा तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा यांचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के. वर सांगितलेली चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवरची आहे. तिचे आकडे दाखवून मशेरी लावणाऱ्या आईला किंवा मोबाइल न सोडणाऱ्या मुलाला कुणी या खुर्चीत बसवू पाहत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्या. हेल्पलाइन आणि समुपदेशन मात्र सगळ्याच तंबाखूसाठी आहे. मन फारच खचले असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

राहिला पत्नीला न सांगण्याचा प्रश्न. ज्युरिक विद्यापीठातले संशोधक सहभागी असलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंदूतल्या, कानाच्या मागे-वर असलेल्या भागाचे काम चुंबकीय ठोक्यांनी काही वेळ मंद केले गेले. दुसऱ्याच्या नजरेतून पाहायला हा भाग लागतो. तो मंदावल्यावर लोक इतरांशी वाटून घेताना अधिक स्वार्थी झाले, आणि त्याच वेळी स्वतःच्या भविष्यातल्या मोठ्या लाभापेक्षा आत्ताचा लहान लाभ अधिक निवडू लागले. दुसऱ्या माणसाचा विचार करणे आणि उद्याच्या आपला विचार करणे, यांसाठी मेंदूची एकच वाट काही अंतर तरी वापरली जाते, असा त्याचा अर्थ मी घेते. घरातल्या माणसापासून लपून, एकट्याने, 'पूर्ण सुधारून' मग समोर येण्याची तुमची योजना म्हणूनच मला पटत नाही. ऐंशी हजार तिचेही आहेत, हा व्यवहार झालाच. पण चौथ्यांदा घसरण्याची वेळ आली, तर त्या संध्याकाळी ज्याला खरे सांगता येईल असे एक माणूस घरात हवे. लपवून केलेल्या प्रयत्नात ते माणूस तुम्ही आधीच गमावलेले असते. तिला हे पत्रच वाचायला द्या, आणि डॉक्टरांकडे दोघे मिळून जा.

आणि मुलगी. सात वर्षांच्या मुलांना शपथ खरी वाटते. बाबांनी माझी शपथ मोडली, म्हणजे आता मला काहीतरी होणार, असे तिच्या मनात आले असेल आणि तिने ते कुणाला सांगितले नसेल, ही शक्यता तुम्ही धरली आहे का? सोडण्याची तारीख ठरेपर्यंतही थांबू नका. आज संध्याकाळी तिला जवळ बसवा. सिगारेट हा बाबांचा आजार आहे, त्यावर बाबा डॉक्टरांकडून औषध घेणार आहेत, शपथ घालणे ही बाबांची चूक होती आणि तिच्यामुळे तुला काहीही होणार नाही, असे साध्या शब्दांत सांगा. मग तिला 'सुटली' म्हणायला सांगा. खेळताना घातलेली शपथ कशी सोडवायची, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त चांगले ठाऊक असेल. ती 'सुटली' म्हणाली की तिच्या डोक्यावरून हात फिरवा.